वाटेत हरवलेले सतरा व्होल्ट

मंगळवार, ७ जानेवारी

दादा,

सुरुवातीला काय लिहायचं हे ठरवण्यात दोन कागद फुकट गेले, म्हणून तिसऱ्यावर नुसतं 'दादा' लिहून पुढे जाते. इकडे सगळं ठीक आहे असंही लिहिलं होतं, ते खोडलं.

एक साधी गोष्ट विचारायची आहे. आतल्या खोलीतली कपाटाशेजारची भिंत हल्ली गरम लागते. चटका बसेल अशी नाही; ऊन खाल्लेल्या दगडासारखी. आई म्हणते, पलीकडे शेजारच्यांचं स्वयंपाकघर आहे, त्यांचा गॅस दिवसभर पेटलेला असतो, त्याची धग येते. मीही तसंच धरून चालले होते. पण मधूनमधून दिवे मंद होतात आणि माझ्या शिलाई मशीनची मोटर दमल्यासारखी घरघरते. म्हणून कोपऱ्यावरचा वायरमन बोलावला. त्याने खिशातला टेस्टर घरातल्या प्रत्येक भोकात खुपसला, प्रत्येक वेळी टेस्टरचा दिवा लागला, आणि "करंट आहे की, अजून काय पाहिजे?" असं म्हणून तो गेला. मी त्याचं नाव टेस्टरवाला ठेवलं आहे. बाबांनी असल्या माणसाला जिना चढू दिला नसता.

खालच्या मीटरपासून वर आपल्या बोर्डापर्यंतची लाइन तू आणि बाबांनी टाकली. ती तार भिंतीतून कुठून कशी आली आहे हे आता जगात फक्त तुला माहीत आहे. बाबा गेल्यावर आईने दारात उभं राहून तुला जे सुनावलं, की या घरातल्या तारेला पुन्हा हात लावायचा नाही, ते मी विसरलेले नाही. पण तिने हात लावू नकोस म्हटलं होतं, सांगू नकोस म्हटलं नव्हतं. त्यावर तू "मग माझा आवाजही या घरात येणार नाही" म्हणालास आणि चार वर्षं शब्द पाळलास. तुमच्या दोघांच्या हट्टापायी मरण माझं.

विजेचे टॉवर उभारणाऱ्या तुमच्या कॅम्पवर फोन करून उपयोग नाही. तिथला स्टोअरकीपर दर वेळी "ते टॉवरवर आहेत" म्हणतो. माणूस जेवायला तरी खाली उतरत असेल. म्हणून पत्र. आई बरी आहे.

तुझी बहीण

बुधवार, १५ जानेवारी

दादा,

तुझं कार्ड मिळालं. वर मायना नाही, खाली सही नाही. मधे हुकूम तेवढे. बाबांचे मोजायचे मीटर काढ. पाण्याचा हीटर, इस्त्री, सगळं एकदम चालू कर. खाली मीटरपाशी व्होल्ट बघ, वर बोर्डात व्होल्ट बघ, तारेतून किती अँपिअर जातात ते बघ. उघड्या टोकाला बोट लावू नकोस. आणि शेवटची ओळ: भिंतीपलीकडे स्वयंपाकघर नाही, जिना आहे, विसरलीस?

ती ओळ वाचून मी तशीच उठून जिन्यात गेले. रोज दहादा चढते-उतरते त्या जिन्यावरून, आणि आईने स्वयंपाकघर म्हटलं की मी मान डोलावत होते. जिन्यातल्या भिंतीवर हात फिरवत वर आले. सगळीकडे गारठा. आपल्या दारापासून हातभर अलीकडे भिंत कोमट झाली. भिंतीच्या दोन्ही बाजूंना कुणी नाही आणि मधे काहीतरी तापतंय.

बाबांच्या पेटीत दोन्ही मीटर होते, फडक्यात गुंडाळलेले, आठवड्यापूर्वी ठेवल्यासारखे. खालचे निवृत्त मास्तर बॅटरी धरायला आले. मीटरचा एक चिमटा आधी लावून ठेवायचा, दुसरं टोक एकाच हाताने टेकवायचं आणि मोकळा हात पाठीमागे ठेवायचा, हे बाबांचं शिकवणं हाताला आठवलं. मास्तर आकडे असे मोठ्याने वाचत होते, जशी काही वर्गाची हजेरी चालली आहे.

खाली दोनशे अठ्ठावीस व्होल्ट. वर दोनशे अकरा. तारेतून तेरा अँपिअर.

बाबा कसं शिकवायचे आठवतं? व्होल्ट ढकलतो, अँपिअर जातो, ओम अडवतो. आणि मी प्रत्येक गोष्टीत आडवी येते म्हणून माझं नाव ओमबाई. तर ओमबाईने हिशेब मांडला. सतरा व्होल्ट वाटेत हरवले. सतराला तेराने भागलं, तर सव्वा ओमच्या जरा वर. जाड तांब्याच्या तारेत एवढी अडवणूक कशी असेल? मग सतरा गुणिले तेरा केलं. दोनशे एकवीस वॅट. पुन्हा केलं, तेवढेच आले. भिंतीच्या पोटात शंभराचे दोन दिवे लावून वर गिलावा केल्यासारखं आहे हे. वीजबिलात त्यांचे पैसे लागत असतील, ते जाऊ दे.

आता लपवण्यात अर्थ नाही. आई बरी आहे असं लिहिलं होतं. आई बरी नाही. तिच्या फुफ्फुसांनी दगा दिला आहे. सहा महिने झाले, ती ऑक्सिजनच्या मशीनवर आहे. नाकात नळी, नळीचं दुसरं टोक मशीनला, मशीनची वायर भिंतीतल्या प्लगला. डॉक्टरांनी एक लहान सिलिंडर दिलाय, वीज गेली तर दोनेक तास पुरतो. तुला कळवायचं नाही अशी तिने शपथ घातली होती, ती आज मोडली. आणि तिचा पलंग त्याच भिंतीला लागून आहे. ती पाठ टेकून बसते. म्हणते, किती छान ऊब आहे इथे.

ओमबाई

गुरुवार, २३ जानेवारी

दादा,

दुसरं कार्ड आलं. सतरातले दोन व्होल्ट तारेचे, उरलेले पंधरा एकाच जागी, म्हणजे भिंतीतला जोड सैल झालाय. हीटर बंद. इस्त्री बंद. पलंग हलव. चांगला वायरमन बघ. यावेळी शेवटी 'आई' एवढा एकच शब्द लिहून तू खोडलास. खोडलेलं वाचता येतं रे.

हीटर बंद केला. इस्त्री बंद केली. शाळेचे गणवेश शिवून शेजारणीकडे इस्त्रीला नेते. पलंग समोरच्या भिंतीला हलवला, त्यावरून आई माझ्याशी धड बोलत नाही. वायरमनचं म्हणशील तर टेस्टरवाल्यानंतर दोघे येऊन गेले. दोघेही चांगले. भिंतीला हात लावून दोघांचे चेहरे बदलले. पण आत आईचं मशीन बघितलं आणि पाय मागे घेतला. एक जण स्पष्ट बोलला, "बाई, लाइन तोडल्यावर माझ्या हातून उशीर झाला आणि आजींना काही झालं, तर मी कुठे जाऊ?" मला त्याचा राग आला नाही. हॉस्पिटलचं नाव काढलं की आई नळी नाकातून काढून माझ्या हातात देते. म्हणते, घे, मग हे तरी कशाला? त्यामुळे तो रस्ता बंद.

काल तिच्या पाठीला तेल लावताना तिने सहज सांगितलं की मी इस्त्री करायला लागले की भिंत 'छान व्हायची'. दिवे आणि मशीनच चालू असलं तर नुसती कोमट. मी कागद घेतला. इस्त्री धरून सात अँपिअर जातात. सात गुणिले सात गुणिले तो सव्वा ओम, म्हणजे साठ-पासष्ट वॅट. इस्त्री नसताना दहासुद्धा नाहीत. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट, बाबा बजावून सांगायचे. सगळा हिवाळा मी गणवेशांना इस्त्री करत होते आणि तिकडे आईची पाठ शेकत होती. तिला वाटायचं लेक घरात आहे म्हणून घर उबदार आहे.

मला भीती वाटते दादा. आतापर्यंत लिहिलं नव्हतं, आता लिहिते. त्या खोलीत ऑक्सिजन आहे. पांघरुणात आहे, तिच्या केसांत आहे. डॉक्टरांनी सांगितलंय की उदबत्तीही लावू नका. आणि आपण भिंतीत शेगडी ठेवली आहे. मी भाजी चिरते आणि वास घेते. शिवते आणि वास घेते. दर थोड्या वेळाने उठून भिंतीला हात लावते, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा.

तू ये. तू का येत नाहीस ते मला कळतं. बाबा गेले त्या दिवशी वखारीतल्या कामावर फ्यूज तू काढलास आणि बोर्डावर ठेवून दुसरी शिडी आणायला गेलास, आणि वखारीच्या मुनीमजींना वाटलं पडलाय, त्यांनी जागेवर लावला. बाबा वर होते, हात तारेवर. ज्याचा हात तारेला, फ्यूज त्याच्या खिशात, हा त्यांचाच नियम, आणि तो त्या दिवशी त्यांनीही पाळला नाही, तूही नाही. आई दारात जे बोलली ते त्याबद्दलच होतं असं तू धरलंस. असेलही. मला तिच्या मनातलं कळत नाही. पण दुसरं कुणी यायला तयार नाही.

ओमबाई

सोमवार, २७ जानेवारी

दादा,

अंधार पडायच्या आत लिहून टाकते, कारण घरात दिवा लावायची हिंमत नाही.

दुपारी गणवेश पोचवायला दुकानात गेले होते. परत येताना जिन्याच्या पहिल्याच वळणावर वास आला. सडक्या मासळीसारखा. मी क्षणभर खालच्यांच्या दाराकडे बघितलं, आणि मग आठवलं की बाबा म्हणायचे, जळक्या वायरीला आधी मासळीचा वास येतो. उरलेल्या पायऱ्या कशा चढले आठवत नाही. किल्ली कुलपात जाईना.

आत आई खुर्चीत बसली होती. पलंगावर नाही. लाकडी खुर्ची ओढत ओढत तिने त्या भिंतीपाशी नेली होती, पाठ टेकली होती, डोळे मिटले होते, नाकात नळी. चेहरा इतका शांत की मला वाटलं संपलं सगळं. शिवणाच्या टेबलावर इस्त्री उभी होती. तिचा लाल दिवा चालू होता. आईच्या डोक्यावर वीतभर उंचीवर रंगाला फोड आला होता, मधे तपकिरी, आणि त्यातून उदबत्तीसारखी बारीक रेघ वर जात होती.

मी इस्त्री बंद केली. तिला खुर्चीसकट ओढली. तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "बंद केलीस? आत्ता कुठे पाठ सुटत होती."

मी तिच्यावर ओरडले दादा. जन्मात कधी ओरडले नव्हते तेवढी. तिने कपाळाला आठ्या घालून ऐकून घेतलं आणि विचारलं, "इस्त्रीने कापड तापतं, भिंत तापते, मग माझीच पाठ का नको?" मी मग तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले आणि ती नळी सांभाळत माझ्या केसांतून हात फिरवत राहिली.

मंगळवार, २८ जानेवारी

हे पत्र तुला मिळेपर्यंत काय झालं असेल माहीत नाही. तरी लिहिते, कारण नुसतं बसवत नाही.

सकाळी पुन्हा मोजलं. फक्त आईचं मशीन चालू, बाकी सगळं घर बंद. तारेतून दोन अँपिअर. खाली दोनशे एकोणतीस, वर दोनशे वीस. नवाला दोनने भागलं. साडेचार ओम. मागच्या मोजणीत सव्वा होता, आता साडेचार. जोड आतल्या आत जळून कोळसा होत चाललाय, आणि जितका जळेल तितका अडवेल, आणि जितका अडवेल तितका तापेल. आता आहेत अठरा वॅट. पण कुणी चुकून इस्त्री लावली तर दोनशेच्या घरात. इस्त्री मी मास्तरांच्या घरी ठेवून आले.

आईला बाहेरच्या खोलीत आणलंय. पाण्याच्या दोन बादल्या भरल्या होत्या, मास्तर म्हणाले विजेच्या आगीवर पाणी टाकू नका, मग वाळूची एक आणली. ती बादली बघून आईने विचारलं, "घराचं बांधकाम काढलंस का?"

तुमच्या कॅम्पवर फोन केला. स्टोअरकीपर म्हणाला ते टॉवरवर आहेत. मी म्हटलं, ते खाली उतरले की एवढंच सांगा, जोड पेटतोय आणि आई मशीनवर आहे. त्याने ते लिहून घेतलं. मग म्हणाला, "थांबा, मी स्वतः टॉवरपाशी जातो."

गुरुवार, १३ फेब्रुवारी

दादा,

तू गेलास त्याला आता दोन आठवडे झाले. पोचल्याचं कार्ड मिळालं. त्यावर 'पोचलो' एवढंच, पण खाली सही आहे. प्रगती आहे म्हणायची.

तू त्या दिवशी बोर्डाकडे तोंड करून उभा होतास. त्यामुळे तुझ्या पाठीमागे काय चाललं होतं ते तुला दिसलं नाही. ते लिहायला हे पत्र.

तू उंबऱ्यात पिशवी घेऊन उभा राहिलास आणि आत येईनास. आईने मान वर केली. मला वाटलं, आता जुनं सगळं निघतं. ती म्हणाली, "बाहेर गारठा आहे, आत ये." मग तू जिन्यातून नवी तार पाइपातून वर आणलीस, खाली जाऊन फ्यूज काढलास, खिशात घातलास आणि वर आलास. मशीन थांबलं. त्या घरघरीची इतकी सवय झाली आहे की ती थांबली तशी मी ताडकन उठले. मी सिलिंडर लावला.

तेव्हा आईने हात पुढे केला. "तो फ्यूज इकडे दे."

तू म्हणालास, "ज्याचा हात तारेला, फ्यूज त्याच्या खिशात. बाबा म्हणायचे."

"ते म्हणायचे. मी म्हणते, माझ्या हातात."

तू दिलास. मला तेव्हा तुझ्या चेहऱ्याकडे बघवलं नाही.

इथपर्यंतचं तुला ठाऊक आहे. पुढचं ऐक. बोर्डातली टोकं जळून चिकटली होती, तुला वाटलं होतं त्यापेक्षा फार वेळ लागत होता. सिलिंडरचा काटा लाल पट्टीकडे चालला होता. मी तुला सांगायला तोंड उघडलं आणि आईने माझं मनगट धरलं. मान हलवली, नाही. मी पुन्हा उठायला लागले तर तिने नखं रुतवली. तू एकदा पाठमोराच विचारलंस, "सिलिंडर किती आहे?" आई म्हणाली, "भरपूर आहे. तू सावकाश कर." काटा तेव्हा लाल पट्टीत शिरला होता दादा. तिचे ओठ जांभळे पडत होते. ती छोटे छोटे घोट घेतल्यासारखा श्वास घेत होती, आवाज होऊ नये म्हणून तोंड मिटून. तुला घाई झाली तर तुझा हात चुकेल, एवढंच तिच्या डोक्यात होतं. एका हातात माझं मनगट, दुसऱ्यात फ्यूज, आणि नजर तुझ्या पाठीवरून हलत नव्हती. मास्तर काही मदत हवी का विचारायला दारात आले, तर तिने त्यांच्याकडे असं बघितलं की ते आल्या पावली खाली गेले. मी आयुष्यात इतकी घाबरले नव्हते. कुणाकडे बघू तेच कळत नव्हतं, काट्याकडे, तिच्या ओठांकडे, की तुझ्या हातांकडे.

शेवटी तू "झालं" म्हणालास आणि फ्यूज मागितलास. तिने मूठ उघडली नाही. तुला वाटलं ती रागावली आहे. रागावली नव्हती, बोटं वळून घट्ट झाली होती, उघडत नव्हती. बरं झालं तू वाद न घालता पिशवीतला नवा घेऊन खाली पळालास. मशीन घरघरलं तेव्हा सिलिंडरमध्ये काहीही उरलं नव्हतं.

नंतर तू भिंत फोडून तो जोड काढलास, काळा ठिक्कर, टेपची राख झालेली. आईने विचारलं, हा कुणाच्या हातचा? तू म्हणालास, "दोघांच्या. बाबांनी पिळला, मी टेप मारली." तिने तो तळहातावर घेऊन बराच वेळ बघितला. तू गेल्यावर म्हणाली, "म्हणजे चूक त्यांच्याही हातून व्हायची." बस, एवढंच.

आता खाली दोनशे अठ्ठावीस, वर दोनशे सत्तावीस. भिंत थंडगार आहे, त्यावरून आई रोज कुरकुर करते. मी तिला गरम पाण्याची पिशवी आणून दिली आहे. ती म्हणते भिंतीची सर नाही.

जाताना तू जुना फ्यूज शोधत होतास. तो तिच्या मांडीखाली होता. अजून तिच्याकडेच आहे. सकाळी आठ वाजले, की ती तो उशीखालून काढते आणि मुठीत धरते. जेवताना डाव्या हातात घेते. झोप लागली तरी सोडत नाही. मी विचारलं हे काय, तर म्हणाली, त्याचं काम आठला सुरू होतं ना. मी समजावलं की आई, तो टॉवरवर, इथून दोन दिवसांच्या वाटेवर. हा फ्यूज आता कशालाच जोडलेला नाही. ती म्हणाली, "तेवढं मला कळतं." आणि मूठ तशीच ठेवली. चार वर्षांपूर्वी दारात ती जे बोलली, ते कशापायी बोलली, हे मला आता कळलं. तुलाही कळावं म्हणून लिहिलं.

संध्याकाळी तुझं काम सुटलं असेल की नाही हे तिला समजत नाही, म्हणून अंधार पडून गेला तरी ती तो खाली ठेवत नाही. तेव्हा खाली उतरलास की स्टोअरकीपरच्या टेबलावरून एक फोन करत जा. काही बोलू नकोस हवं तर, नुसतं 'उतरलो' म्हण. तिचा हात फार दुखतो.

ओमबाई